नीतूची सहा टेबलं

दवनीवाड्यात ईश्वरदास गुरुजींच्या घरात पत्त्यांचा जोड कधी आला नव्हता. गणपतीच्या जागरणाला शेजारी पत्ते कुटत, लग्नघरी पाहुणे दहला पकड खेळत. पण गुरुजींच्या ओसरीत कुणी खिशातून जोड काढला, तर गुरुजी काही न बोलता चष्मा काढून पुसायला घेत. तेवढ्यानं भागे. जोड परत खिशात जाई. त्याच घरात त्यांच्या थोरल्या सुनेनं एकाच वेळी सहा टेबलांवर पत्ते खेळायचं शिकून घेतलं, आणि तेही दिवसाढवळ्या, डोक्यावर पदर घेऊन.

नीतू माहेरची तिरोड्याची. बी.कॉम. झाली, त्यावर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि २००४ मध्ये भुपेंद्र पटलेशी लग्न होऊन दवनीवाड्याला आली. भुपेंद्र गोंदियाला राइस मिलमध्ये सुपरवायझर; सकाळी मोटरसायकलला डबा अडकवून जाई, संध्याकाळी अंगावर कोंडा घेऊन परते. सासरे निवृत्त हेडमास्तर, सासू शामकलाबाई पाच एकर धानाच्या कारभारीण, धाकटा दीर लोकेश नोकरीच्या शोधात. घरात पोवारी बोली चाले, ओसरीत मराठी, आणि गोंदियाचा कुणी आला की हिंदी. तिन्ही भाषांत नीतूला हाका येत. पहिल्याच महिन्यात सासूनं घराची रीत सांगून ठेवली होती, "आमच्या घरी सुनेले तिसरी हाक नाही लागत." नऊ वर्षांत नीतूला ती लागली नव्हती. पहिल्या हाकेलाच तिचा गुडघा जमिनीवरून उठलेला असे.

तिची स्वतःची म्हणावी अशी एकच जागा होती, रस्त्याकडची समोरची खोली. तिथं कॉम्प्युटर, प्रिंटर, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेलं बाक. कॉलेजचे प्रवेश, भरतीचे अर्ज, रेल्वेची तिकिटं, सगळं तिथून होई. गावातली अर्धीअधिक पोरंपोरी नीतूच्या हातून अर्ज भरून कॉलेजात गेली. पण २०११ नंतर ग्रामपंचायतीजवळ सरकारी कामांचं केंद्र निघालं आणि बाकावर बसणारी माणसं तिकडं वळली. दुपारभर नीतू एकटी. खोलीला दार होतं, दाराला कडी होती आणि इंटरनेटचं कनेक्शन चालू होतं.

पोकर तिला तिथंच सापडला. पैसे नसलेला, फुकट चिप्सचा, म्हणजे पडद्यावरच्या खोट्या नाण्यांचा. दोन पत्ते हातात, पाच हळूहळू मधे उघडणार, आणि दर वेळी एकच प्रश्न: पुढं जायचं की हात, म्हणजे मिळालेले पत्ते, टाकून द्यायचा. पुढं जायचं तर पैज लावा, नाहीतर गप्प बसा. नीतूला गप्प बसता येत होतं. समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो कधी घाई करतो, कधी उगाच थांबतो, हे तिला दोन-चार दिवसांत कळू लागलं. सासरच्या माणसांचं मन ओळखायला तिला याहून जास्त वेळ लागला होता.

तिरोड्याच्या कॉलेजात तिच्या मागच्या वर्गात असलेला अश्विन रामटेके एक दिवस आईच्या पेन्शनचा अर्ज भरायला आला. आता तो नागपूरला राहत होता. अर्जाच्या बाजूला उघडी राहिलेली खिडकी त्यानं पाहिली.

"ताई, हे कोण खेळून राहिलं?"

"मीच. काऊन?"

"हात टाकता तुम्ही. लोकं नाही टाकत." तो खुर्ची ओढून बसलाच. अश्विन हेच काम करायचा. स्वतः खेळायचा आणि ठिकठिकाणच्या तीसचाळीस जणांना इंटरनेटवरून शिकवायचाही. जाताना म्हणाला, "एका टेबलावर बसून तुमचा दिवस वाया जातो. हात टाकला की बसून राहता. दोन उघडा. मग तीन. चांगले खेळणारे सहा-सहा चालवतात."

नीतूनं दोन उघडली आणि दोन्हीकडं हरली. चार उघडली, तर भांड्यांची मांडणी कोसळावी तसा गोंधळ झाला. आपली पाळी आली की त्या टेबलाची खिडकी टिंग करून वाजे आणि पंधरा सेकंदांत काही ठरवलं नाही तर हात आपोआप बाद होई. नीतू वाजेल त्या खिडकीकडं धावे. तिथलं नीट पाहायच्या आत दुसरी वाजे, मग तिकडं. घाईत ती सगळ्यांनाच होकार देऊन बसे. फालतू हातावरसुद्धा पैज भरायची, कारण कुणीतरी बोलावलं होतं.

महिनाभर तिनं आपल्या खेळाचं रेकॉर्डिंग अश्विनला पाठवलं. फोनवर त्यानं आधी आईच्या पेन्शनचं विचारलं. मग म्हणाला, "ताई, राग नका मानू. तुम्ही खेळून नाही राहिल्या. तुम्ही वाढून राहिल्या. ज्यानं ताट पुढं केलं त्याले वाढलं."

नीतूला राग आला. रागावण्याचं कारण असं, की ते खरं होतं.

त्या वर्षी, म्हणजे २०१३ ला, जुलैत रोवणी लागली. नीतू बांधीवर, धानाच्या खाचरावर, चहा घेऊन गेली. चौदा बाया ओणव्या होऊन चिखलात धानाचं रोप लावत होत्या आणि शामकलाबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होत्या. मधेच मान न वळवता ओरडल्या, "ए मंगला, डाव्या अंगाले सुटलं!" चौदातली आठवी बाई मागं सरकली आणि सुटलेल्या जागी रोप खोचलं.

"मामीजी, एवढ्या बायांवर नजर कशी राहते तुमची?" नीतूनं सासूला विचारलं.

"बायांवर कायले ठेवू नजर? त्या जाणतात आपलं काम." शामकलाबाईंनी चहा बशीत ओतला. "मी खाली जागा पायतो. जिथं रोप चुकलं तिथं पाणी चमकते. चमकलं का ओरडतो. बाकी येळ सुपारी खातो. सगळं पाहाले गेलं तं काहीच नाही दिसत, माय."

नीतू रिकामी किटली घेऊन घरी आली ती वेगळं डोकं घेऊन. एका शंभरपानी वहीत तिनं लिहून काढलं: कुठल्या जागेवर बसलं असताना कुठले हात न पाहता टाकायचे, कुठले खेळायचे. शंभरातले ऐंशी तर टाकायचेच होते. ती यादी तिनं पाढ्यांसारखी पाठ केली. भांडी घासताना, कणीक तिंबताना ओठ हलत. हाताला ती यादी इतकी सवयीची झाली की मन मोकळं राहिलं. मग तिनं सगळ्या खिडक्यांचा आवाज बंद केला. टिंग नाही, काही नाही. पहिले दोन दिवस तिला घाम फुटला, कुणीतरी बोलावतंय आणि आपण ऐकत नाही असं वाटून. तिसऱ्या दिवशी तिला पडद्यावर पाणी चमकलेलं दिसलं. एरवी गप्प बसणारा खेळाडू बोलला, रोज घाई करणारा थांबला, की तेवढंच टेबल तिच्या नजरेत भरे. बाकीची हातानं चालत.

पोळ्यापर्यंत तीन टेबलं आली, तीही अर्जांच्या कमाईतल्या थोड्या पैशांची. चारवर एक आठवडा वाईट गेला. ती निमूट तीनवर उतरली आणि दहा दिवसांनी पुन्हा चढली. भुपेंद्रनं मिलच्या ऑफिसातून काढून टाकलेला मोठा मॉनिटर आणून खोलीत ठेवला. कशासाठी, ते विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. तो तसाच होता. नवरात्रात त्या पडद्यावर तीन वर, तीन खाली, अशी सहा टेबलं मांडली गेली, आणि एका दुपारी तास उलटल्यावर नीतूच्या लक्षात आलं की आपण घाबरलेलो नाही. ती उठली, आरशात स्वतःकडं पाहिलं, टिकली सरळ केली आणि परत येऊन बसली.

बातमी फोडली लोकेशनं. त्याला मोबाइलचं दुकान टाकायचं होतं आणि त्यासाठी समोरची खोली हवी होती. "बाबूजी, खोलीत अर्ज-बिर्ज काही नाही. भाभी पत्ते खेळून राहिली."

गुरुजींनी तिला ओसरीत बोलावलं. चष्मा हातात होता.

"हा जुगार आहे का?"

"एक हात पाहिला तर जुगारच आहे, मामाजी." सासऱ्यांना ती मामाजी म्हणे. "हजार हात पाहिले तर कोण शिकलेला ते दिसते."

"आणि हजार हात होईपर्यंत घरातलं काय काय जाईल?"

"घरातलं काही लावलं नाही. अर्जांच्या कमाईतलं थोडं लावलं होतं, त्यावरच चालू आहे. ते संपलं तर मी बंद करतो."

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "लोकेशला दुकान हवं आहे, ते काम आहे. तू मला काम दाखव, सूनबाई. खेळ नको दाखवू. कार्तिक पौर्णिमेपर्यंत खोली तुझी. पुढं त्याची."

त्याच आठवड्यात अश्विनचा फोन आला. त्याच्याकडं शिकणारे वाढले होते. अनेक टेबलं एकत्र कशी चालवायची हे शिकवायला त्याला एक माणूस हवा होता. घरबसल्या, महिन्याच्या पगारावर. पाच जणांची परीक्षा घेणार होता. "दोन तास, सहा टेबलं. जिंकणं-हरणं मी पाहणार नाही. वेळ संपून हात बाद झाला नाही पाहिजे, आणि मागून मी कुठलाही हात उघडून विचारीन, हे असं का केलं? शिकवणाऱ्याला कारण सांगता आलं पाहिजे. दिवाळी तर होऊन जाईल. शनिवारी ठेवू, नऊ तारखेला, दोन ते चार."

नीतू हो म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिनं कॅलेंडर पाहिलं. नऊ तारखेला दवनीवाड्याची मंडई होती. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. खेळण्यांची दुकानं, जिलेबीच्या कढया, दंडारीचं लोकनाट्य, आणि घरोघर पाहुणे. त्या दिवशी लेकीबाळी येतात, जावई येतात, आणि सून चुलीपासून हलत नाही. तारीख बदलून मागावी तर पौर्णिमेच्या आत दुसरी नव्हती. बाकी चौघांना सुट्टी त्याच शनिवारी होती.

शनिवारी ती पहाटे चारला उठली. दीड वाजेपर्यंत पुऱ्या, वडे, वांग्याची भाजी, खीर, सगळं झाकून ठेवलं. पावणेदोनला हात पुसत ओसरीत गेली.

"मामाजी, दोन ते चार माझी परीक्षा आहे."

"कसली परीक्षा?"

"सहा टेबलांची. नागपूरचा माणूस तिकडून पाहणार. नंतर प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणार."

गुरुजींनी वर्तमानपत्र खाली केलं. "कारण विचारणार?"

"हो."

"तोंडी?"

"तोंडी."

गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी केली. नीतू खोलीत गेली, दार लोटलं. कडी लावायचं धाडस मात्र मंडईच्या दिवशी तिलाही झालं नाही.

दोनला सहा खिडक्या उघडल्या. पहिला अर्धा तास हातांचाच होता. टाक, टाक, टाक, इथं पैज, टाक. बाहेर भोंगे वाजत होते, दंडारीचा ढोलक घुमत होता, आणि नीतूला ते सगळं नदीपलीकडून यावं तसं ऐकू येत होतं. मग ओसरीत चपला वाजल्या. बालाघाटहून गुरुजींची बहीण सुशिलाबाई, मागोमाग चुलतसासरे टेकचंद आणि त्यांची माणसं.

"नीतू!" शामकलाबाईंची हाक स्वयंपाकघरातून आली. "पाणी आण व पाहुण्याले!"

नीतूचा गुडघा हलला. तिनं पाय खुर्चीच्या दांडीत अडकवून ठेवला. वरच्या ओळीत मधलं टेबल चमकत होतं.

"नीतू!"

खाली उजवीकडं एक पैज. टाक.

तेवढ्यात दार उघडून टेकचंद काकाजी आत डोकावले. "अरे, इथं तं पत्ते चालू आहेत! वा रे सूनबाई! काढ ना हुकूम, कायले दाबून ठेवला? थांब, मी सांगतो..."

"टेकचंद." मागून गुरुजींचा आवाज आला. त्यांनी ओसरीतली खुर्ची उचलून दाराच्या तोंडाशी आणून ठेवली होती. "बाहेर ये. परीक्षार्थ्याशी बोलायचं नसतं."

"कोण परीक्षार्थी? मंडईच्या दिवशी कसली परीक्षा, दादा? ही तं पत्ते..."

"बाहेर ये म्हटलं ना. चाळीस वर्षं मी परीक्षा घेतल्या. खोलीत बाहेरचा माणूस चालत नाही."

गुरुजी खुर्चीत बसले, दाराकडं पाठ करून, पाहुण्यांकडं तोंड करून. नीतूनं हे फक्त कानानं पाहिलं. डोळे पडद्यावर होते. वरच्या ओळीत उजवीकडं तिच्या हातात राण्यांची जोडी होती, चांगली, खेळण्यासारखी. मधे इस्पिकचे तीन पत्ते उघडले होते. तिच्याकडं इस्पिक एकही नव्हतं. आणि त्या टेबलावरचा, तासाभरात दोनदाच तोंड उघडलेला माणूस अचानक मोठ्ठी पैज लावून मोकळा झाला. पाणी चमकलं. नीतूनं राण्या टाकून दिल्या.

आणि त्याच क्षणी, नऊ वर्षांत पहिल्यांदा, तिसरी हाक आली.

"नीतू!"

हात हलला. खाली डावीकडच्या टेबलावर, एका रद्दी हातावर, तिच्या बोटानं पैज भरून टाकली. बघता बघता. तिला कळलं तेव्हा होऊन गेलं होतं. तिनं एक श्वास घेतला. त्याच टेबलावर पुढच्या पाळीला हात टाकला, आणि उरलेली पाच टेबलं पाहिली.

बाहेर शामकलाबाई तणतणत ओसरीत आल्याचं कळलं. "बहिरी झाली का ही पोरगी?"

"परीक्षेला बसली आहे," गुरुजी म्हणाले.

"मंडईच्या दिवशी?"

"चारला सुटेल."

मग शामकलाबाईंचा आवाज, पाहुण्यांना उद्देशून, रोजच्यापेक्षा वरच्या पट्टीत: "बसा तुम्ही. पाणी मी आणतो. आमच्या सुनेचा पेपर आहे."

चारला सहाही खिडक्या बंद झाल्या. वेळ संपून एकही हात बाद झाला नव्हता. स्पीकरवर अश्विनचा आवाज आला. दार उघडं होतं आणि दारात गुरुजींची पाठ होती.

"ताई, तिसऱ्या टेबलावर राण्यांची जोडी टाकली. का?"

"तो माणूस तासाभरात दोनदा बोलला होता. दोन्ही वेळा त्याच्याजवळ चांगले पत्ते होते. मधे तीन इस्पिक, त्याच्याजवळ आणखी दोन असली तर पाच होतात आणि जोडी हरते. माझ्याकडं एकही नाही. राण्या दिसायला मोठ्या, तिथं त्यांची किंमत नव्हती."

"बरोबर." त्यानं आणखी सात-आठ हात काढले. नीतू सांगत गेली. "आणि हे? चौथ्या टेबलावर तीन वाजून पाच मिनिटांनी. रद्दी हात. पैज का भरली?"

नीतूनं पडद्याकडं पाहिलं. सांगता आलं असतं काहीतरी. समोरचा कच्चा वाटला, मधे चांगले पत्ते येण्याची शक्यता होती, अशी दहा कारणं तिला पाठ होती.

"कारण नाही. सासूबाईंनी हाक मारली."

पलीकडं अश्विन हसत सुटला. बराच वेळ हसला. मग म्हणाला, "ताई, तुमच्याआधी तिघांचं घेतलं. तिघांच्याही हातून असं झालं. तिघांनीही मला कारण बनवून सांगितलं. जो आपली चूक मला सांगत नाही, तो शिकणाऱ्याची चूक काय ओळखेल? चौथ्याचं संध्याकाळी घेतो, ठरलंय म्हणून. पण एक तारखेपासून तुम्ही आहात. सुरुवातीला आठ जण देतो."

नीतू खुर्चीतच बसून राहिली. दोन तास अडकवलेल्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तो सोडवून ती उठली तेव्हा गुरुजी खुर्ची उचलून परत ओसरीत नेत होते.

"निकाल?" त्यांनी न वळता विचारलं.

"घेतलं मला. शिकवायला."

"चूक एक."

"हो, मामाजी."

"हूं. कबूल केलीस." खुर्ची जागेवर ठेवून त्यांनी हाक मारली, "लोकेश! तुझ्या दुकानाची जागा बसस्टॉपवर पाहू. मोबाइल तिथंच खपतात."

"पण बाबूजी, खोली..."

"खोलीत वर्ग भरणार आहे."

नीतूनं त्याला सांगितलं, "पाटी मी छापून देईन तुझ्या दुकानाची. फुकट." आणि ती स्वयंपाकघरात गेली, कारण पाहुणे जेवायचे होते आणि पुऱ्या पुन्हा गरम करायच्या होत्या. शामकलाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी झारा तिच्या हातात दिला. "तीन हाका मारल्या," एवढंच म्हणाल्या. नीतूही एवढंच म्हणाली, "ऐकल्या, मामीजी."

दिवेलागणीला पंगत बसली. सुशिलाबाई आत्यांनी खिरीची वाटी सरकवत भावजयीला विचारलं, "का वहिनी, सून का करते म्हणे? टेकचंद काहीतरी सांगून राहिला, मले तं काही समजलं नाही."

शामकलाबाईंनी वाटीत खीर वाढली. सुनेचा पेपर म्हणून सांगून झालं होतं. पण कशाचा, ते त्यांना स्वतःलाच नीट ठाऊक नव्हतं. त्यांनी नीतूकडं पाहिलं.

नीतू पुऱ्यांचं ताट कमरेवर तोलून उभी होती. नऊ वर्षं या पंगतीत तिच्याबद्दल दुसऱ्यांनीच सांगितलं होतं. ती मान वर करून म्हणाली, "पोकर खेळतो मी, आत्याजी. पत्त्यांचा डाव आहे तो. सहा टेबलं एकदम चालवतो. गावात कोणी नाही खेळत, गोंदियात कोणी असंल तं मले माहीत नाही. एक तारखेपासून आठ जणांले शिकवणार आहो, पगारावर." आणि आत्यांच्या ताटात न विचारता दोन पुऱ्या वाढून ती पुढच्या पाहुण्याकडं गेली.